आधी गिऱ्हाईक, मग तोडणी

संक्रांतीनंतरच्या रविवारी धारूरला आम्हा सीताफळवाल्यांचा मेळावा झाला. विषय एकच होता, फोनवरून फळ कसं विकायचं. सरलेल्या हंगामाचा हिशेब मांडायचा आणि पुढच्या हंगामाची आखणी करायची, हे दिवाळीतच ठरलं होतं. एका बागायतदारानं मंगल कार्यालय बिनभाड्याचं दिलं, चहा-नाश्ता बचत गटांनी केला, प्रोजेक्टर अंबाजोगाईहून आला. वडवणी, केज, पाटोदा, अगदी आष्टीहूनही लोक आले. त्यात बायका निम्म्याहून जास्त होत्या, आणि मला ही त्या दिवसाची सगळ्यांत मोठी कमाई वाटते. आमच्याकडं सीताफळ तोडणं, निवडणं, कॅरेट भरणं आणि रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसणं हे काम बायांचंच. भाव ठरवायच्या वेळी मात्र आजवर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मी धारूर तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, आधार, गेल्या वर्षी लाडकी बहीणची ई-केवायसी. दिवसभर दुसऱ्यांचे फोन माझ्या हातात असतात. कुणाच्या फोनमध्ये काय चालतं, कुठं अडतं, कुणाचा ओटीपी कुणाच्या फोनवर जातो, हे मला घरबसल्या कळतं. सीताफळ विकणाऱ्या आमच्या गटाच्या ऑर्डरी घ्यायचं काम माझ्याकडं आलं ते याच कारणानं. जाहिरातीचं शिक्षण माझं नाही. जे शिकले ते गिऱ्हाइकांच्या मेसेजांवरून आणि आमच्या काकू-मावश्यांच्या बोलण्यावरून.

बालाघाटच्या उतारावरची बरीचशी सीताफळाची झाडं कुणी लावलेली नाहीत. मुरमाड, खडकाळ जमीन, पाणी आभाळातून येईल तेवढंच, आणि पाल्याला शेरडंसुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून दुष्काळातही हे झाड टिकून राहिलं. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, तिथल्या निवडीतून आलेल्या एका वाणाला धारूरचंच नाव आहे, धारूर-6. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 'एक जिल्हा एक उत्पादन' म्हणून बीडच्या नावापुढं सीताफळच आहे. एवढं सगळं असून धारूरच्या घाटात टोपली घेऊन बसलेल्या बाईला संध्याकाळी उरलेला माल मिळेल त्या भावानं देऊन घरी जावं लागतं. या दोन गोष्टींमधलं अंतर फोनमुळं किती कमी होईल, याचाच आम्ही दिवसभर विचार करत होतो.

सकाळचं पहिलं सत्र फळावर ठेवलं होतं. काही पोरांना ते पटलं नव्हतं. विक्रीच्या मेळाव्यात झाडाचं व्याख्यान कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी आग्रह धरला आणि आजही धरीन. व्याख्यानाला आलेल्या शास्त्रज्ञांनी पडद्यावर एकाच फळाचे तीन फोटो दाखवले. पहिल्यात फळाचे डोळे नुकते उघडलेले, दोन डोळ्यांमधल्या खाचेत पिवळसर पांढरी रेघ दिसायला लागलेली. दुसरा फोटो दोन दिवसांनंतरचा, देठाजवळ अंगठ्यानं दाबलं की किंचित आत जाणारं फळ. तिसरा चौथ्या दिवसाचा, फळ भेगाळलेलं आणि खालच्या बाजूला काळं. मग ते म्हणाले, "तुमच्याकडं विकायला फळ नाही, तीन दिवस आहेत. त्या तीन दिवसांत तोडणी, भरणी, गाडी आणि गिऱ्हाइकाचं दार, सगळं आलं पाहिजे."

सफरचंद, संत्री शीतगृहात ठेवता येतात. सीताफळ फार गार ठेवलं तर साल काळी पडते आणि गर नीट पिकत नाही. डोळे उघडायच्या आधी तोडलं तर ते पिकतच नाही, दगडासारखं राहतं किंवा सुकून जातं. म्हणजे आधी तोडून ठेवायची सोय नाही आणि नंतर साठवून ठेवायचीही नाही. बाकीचा व्यापारी माल भरून ठेवतो आणि मग जाहिरात करतो. आम्हाला उलटं करावं लागतं, आधी गिऱ्हाईक आणि मग तोडणी. सरल्या हंगामात आम्ही हे पहिल्यांदा शिस्तीनं केलं, आणि मेळाव्यात जे काही दाखवण्याजोगं होतं ते त्यातूनच आलेलं होतं.

पद्धत साधी आहे. रविवार आणि बुधवार हे नोंदणीचे दिवस. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग, त्यात मोठं फळ, मध्यम फळ आणि गर असे तीनच प्रकार. गिऱ्हाईक नाव, पत्ता, किती बॉक्स ते लिहितं आणि क्यूआर कोडवर पैसे पाठवतं. रात्री मी यादी काढून गटाच्या ग्रुपवर टाकते. सकाळी दव असतानाच बाया डोंगरावर जातात आणि यादीएवढंच तोडतात. दुपारी सावलीत बसून निवड होते, एकेका फळाला फोमची जाळी चढते, बॉक्सच्या तळाला कागदाचे कातरे. संध्याकाळी बॉक्स पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत जातात आणि पहाटे हडपसर, वाघोली, भोसरी या बाजूला उतरतात.

पुण्याच्या याच बाजूला का, तर आमची माणसं तिथं आहेत. कंपनीत कामाला गेलेली, रिक्षा चालवणारी, खोली घेऊन स्पर्धा परीक्षा देणारी बीड जिल्ह्यातली पोरं. पहिली गिऱ्हाइकं तीच. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर सांगितलं आणि तिथून अनोळखी लोक आले. आमच्या पोरांनी एक गोष्ट मोठ्या अभ्यासानं शोधून काढली होती. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज, ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, आणि एका यादीत 256 च्या वर नावं बसत नाहीत. म्हणून प्रत्येक बॉक्समध्ये एक चिठ्ठी टाकायला सुरुवात केली. तिच्यावर फळ कसं पिकवायचं, फ्रिजमध्ये का ठेवायचं नाही, आणि खाली 'हा नंबर सेव्ह करा, पुढच्या तोडणीचा निरोप याच नंबरवरून येईल' एवढंच. पैसे देऊन केलेल्या जाहिरातीनं आणलं नाही इतकं गिऱ्हाईक त्या चिठ्ठीनं टिकवलं, हे मी हिशेबाच्या वहीवरून सांगते.

पण गेला हंगाम साधा नव्हता. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. सिंदफणा, गोदावरी, सगळ्या नद्यांना पूर, सोयाबीन-कापूस पाण्यात, माती वाहून गेलेली. डोंगरावर पाणी साचत नाही म्हणून झाडं वाचली, पण सतत ओल्या राहिलेल्या फळांवर काळे डाग पडले आणि ती झाडावरच सुकायला लागली. आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडं पैसे भरलेल्या ऑर्डरींची मोठी यादी होती. रस्ते बंद, गाडी नाही, फळ डागी.

रात्री गटाची बैठक माझ्याच केंद्रात बसली. कुणी म्हणालं, डागी फळ खाली घालून वर चांगलं लावू, आतून तर गोडच आहे. त्यावर आमच्या एक मावशी, ज्यांनी आयुष्यभर घाटात टोपली विकली, म्हणाल्या, "रस्त्यावरचं गिऱ्हाईक परत येतंय न येतंय. ह्यो फोनमधला माणूस उद्या समद्यांना फोटू दावतोय." त्याच रात्री आम्ही झाडांचे खरे फोटो, काळी पडलेली फळं, पाण्याखालचा रस्ता, सगळं ग्रुपवर टाकलं आणि लिहिलं की पैसे परत हवे असतील त्यांना लगेच पाठवतो, थांबायचं असेल त्यांना पाऊस उघडल्यावर फळ देऊ. मी एकेकाला पैसे परत पाठवत बसले. पुष्कळांनी घेतले, ते त्यांच्या हक्काचे होते. पुष्कळांनी मात्र 'राहू द्या, दिवाळीला द्या' असं लिहिलं. काही जणांनी तर पूरग्रस्तांसाठी वरचे पैसे पाठवले. ते आम्ही वेगळे काढून गावातल्या पडलेल्या घरांना दिले आणि पावत्या ग्रुपवर टाकल्या.

मेळाव्यात हा भाग मी सांगितला तेव्हा सभागृहात पूर्ण शांतता होती, कारण तो पाऊस समोर बसलेल्या प्रत्येकाच्या घरातून गेला होता. डिजिटल मार्केटिंगच्या पुस्तकात विश्वास हा शब्द बहुधा पहिल्या पानावर असेल. आम्ही तो चिखलात उभं राहून पाहिला, एवढंच मला म्हणायचं आहे.

दुपारी फोटो आणि जाहिरातीचं सत्र झालं. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी ते घेत होती. तिनं एआयला सांगून एका मिनिटात सीताफळाचं पोस्टर करून दाखवलं. हिरवंगार, चकचकीत फळ, मागं डोंगर, सोनेरी ऊन. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बसलेले एक आजोबा मात्र उठून पडद्याजवळ गेले, चष्मा सरळ केला आणि म्हणाले, "बाळ, ही पानं आपल्या झाडाची न्हाईत." खरंच नव्हती. पानं आंब्यासारखी होती आणि फळाला डोळेच नव्हते, खवले होते. त्या मुलीनं ते फार चांगलं घेतलं. तिनं लगेच पोस्टर बंद केलं आणि एका काकूंच्या फोनमधला फोटो मागितला. दवानं भिजलेल्या फांदीवर एक फळ, डोळ्यांच्या खाचेत पिवळी रेघ, बाजूला काकूंची बांगड्यांची मनगटं. तो फोटो पडद्यावर लावून ती म्हणाली, "मजकूर लिहायला, भाषा सुधारायला, हिशेबाचा तक्ता करायला एआय वापरू. फळ मात्र आपलं आपणच दाखवू." गिऱ्हाइकाला बॉक्स उघडल्यावर जे दिसणार तेच आधी दिसलं पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

त्याच सत्रात आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणच्या दादासाहेब भगत यांचा विषय निघाला. ते स्वतः आले नव्हते, पण जिल्ह्यात त्यांचं नाव ठाऊक नसलेलं पोर सापडणार नाही. पुण्यात इन्फोसिसच्या गेस्टहाऊसवर पडेल ते काम करणारा माणूस ग्राफिक्स, ॲनिमेशन शिकतो, कोविडच्या टाळेबंदीत गावी येतो, डोंगरावर गोठ्याच्या जागी छप्पर टाकून गावातल्या पोरांना हाताशी धरून काम सुरू करतो, 'डूग्राफिक्स' नावाचं डिझाइनचं सॉफ्टवेअर उभं करतो आणि 'शार्क टँक इंडिया'त अमन गुप्तांकडून 10 टक्के हिश्श्याला 1 कोटीची गुंतवणूक मिळवतो. आमच्या पोरांना या गोष्टीतला कोटीचा आकडा आवडतो. मला आवडते ती डोंगरावरची जागा. गावात रेंज येईना म्हणून काम थांबवण्याऐवजी रेंज असेल तिथं छप्पर टाकलं. आमच्याही दोन वाड्या अशा आहेत जिथं फोन फक्त मारुतीच्या पाराजवळ लागतो. ऑर्डरीची यादी तिथं जाऊनच उघडावी लागते. पुढच्या हंगामात पारापाशीच निवडीची जागा करायचं ठरलं ते हीच गोष्ट ऐकून.

कोकणातल्या हापूसवाल्यांचाही दाखला दिला गेला. त्यांना मानांकन 2018 साली मिळालं, म्हणजे आमच्यानंतर, पण पेटीवर क्यूआर कोड लावून बाग कुणाची ते गिऱ्हाइकाला दाखवण्यापर्यंत ते पोचले. नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं 2020 च्या टाळेबंदीत फळ-भाजीच्या टोपल्या थेट मुंबई-पुण्याच्या घरांत पोचवल्या. आमच्यात आणि त्यांच्यात मोठा फरक आहे. तिथं पॅकहाऊस आहे, माणसं शिकलेली आहेत, आंबा आठवडाभर धीर धरतो. तरी मानांकनाचा उपयोग करून घेण्यात आम्ही मागं राहिलो हे खरं, आणि ते फळामुळं नाही.

मानांकन जिल्ह्याच्या फळाला मिळतं, पण बॉक्सवर ते नाव कायद्यानं वापरायचं तर प्रत्येक उत्पादकाला चेन्नईच्या कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. 2020 साली नियम बदलले आणि या नोंदणीची फी 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आली. दहा रुपये! सभागृहात हे सांगितलं तेव्हा बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक जण उठून म्हणाली, "ताई, मग आजवर कुणी सांगितलं कसं न्हाई?" तिच्या या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, पण अर्ज होते. चहाच्या वेळेत लॅपटॉप मांडला आणि कागद गोळा करायला लागले. सातबारा, आधार, फोटो. डोंगरावरची झाडं काहींच्या मालकीच्या जमिनीत आहेत, काहींची गायरानाच्या कडेला, त्यामुळं सगळ्यांचे कागद एका दमात जुळणार नाहीत. जुळतील त्यांचे आधी पाठवायचे, असं ठरलं.

आता ज्या गोष्टीनं मेळाव्याचा सगळा नूरच बदलला तिच्याकडं येते.

सीताफळाचा हंगाम आणि ऊसतोडीला जायचा हंगाम आमच्याकडं एकमेकांवर चढतात. फळ गणपतीपासून दिवाळीपर्यंत, डोंगरावरचं थोडं नंतरही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतात आणि उचल घेतलेल्या जोड्या, म्हणजे कोयते, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात. जानेवारीत मेळावा घेतला म्हणजे ती माणसं गावात नव्हतीच. गटातल्या बऱ्याच बाया फडावर होत्या. म्हणून दुपारच्या जेवणाच्या वेळी त्यांना व्हिडिओ कॉल लावायचा, असं आम्ही योजलं होतं. आमची कल्पना एवढीच होती की त्यांनी हात हलवावा, सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात.

कॉल लागला तो कर्नाटकातल्या एका फडावरून. पडद्यावर आमची गटातली मैत्रीण दिसली, डोक्याला फडकं, गालावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, मागं मोळ्यांचा ढीग आणि ट्रॅक्टरची धडधड. तिनं हात हलवला नाही. ती म्हणाली, "सगळे बसलेत नव्हं? मग एक सांगा. आम्ही निघालो तवा माझ्या आठ-दहा झाडांवर फळ होतं. ते तोडलं कुणी? आन पैशे कुणाच्या खात्यात गेले?"

कुणी बोललं नाही. फळ तोडलं होतं हे खरं, शेजारच्यांनी तोडून गटाकडंच दिलं होतं, बॉक्समध्ये गेलं होतं, गिऱ्हाइकानं पैसे भरले होते. माझ्या यादीत गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, बॉक्स, रक्कम सगळं होतं. झाड कुणाचं, हा रकाना त्या यादीत नव्हता, कारण यादी कशी असावी हे आम्ही कधी झाडवालीला विचारून ठरवलेलंच नव्हतं. तिचं बोलणं तिथंच थांबलं नाही. तिच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा. ओटीपी त्याच्या फोनवर जातो. तो दिवसभर गाडीवर असतो. "पैसे आले का गेले, मला संध्याकाळी त्यांनी सांगितलं तर कळतं," एवढं म्हणेपर्यंत मुकादमाची हाक आली आणि कॉल तुटला.

जेवणानंतर ठरलेलं सत्र, रील कशी करायची, ते आम्ही बाजूला ठेवलं. तास-दीड तास फक्त या प्रश्नावर बोलणं झालं. एक बाजू म्हणत होती की तोडणाऱ्यानं कष्ट केले, नाहीतर फळ पाखरांनी खाल्लं असतं, त्याला मिळालं ते योग्यच. दुसरी बाजू म्हणत होती की झाडवालीला काहीच नाही हा कुठला न्याय. दोन्हीकडून आवाज चढले. मला ते भांडण मोलाचं वाटलं. आजवर याच गोष्टी विहिरीवर, पारावर कुजबुजत बोलल्या जात होत्या. पहिल्यांदा त्या उघड, हिशेबाच्या वहीसमोर बोलल्या गेल्या.

यातून पुढच्या हंगामाची जी आखणी निघाली ती आम्ही मेळाव्याला येताना मनात धरली होती तिच्यापेक्षा वेगळी आहे. पहिलं काम जाहिरातीचं राहिलं नाही. पहिलं काम झाडांची नोंद. उन्हाळ्यात प्रत्येक कुटुंबाची झाडं मोजायची, फोनवर जागेचा ठिपका टाकून फोटो काढायचा आणि गटाच्या तक्त्यात मालकिणीच्या नावापुढं लिहायचं. हंगामात कुणीही तोडलं तरी किलो त्या नावापुढंच पडतील आणि त्याच रात्री झाडवालीला मेसेज जाईल, ती कोणत्याही फडावर असो. तोडणाऱ्याचा वाटा किती, झाडवालीचा किती, हे अजून ठरलेलं नाही. ते ती माणसं परत आल्यावरच ठरेल, त्यांच्या पाठीमागं नाही.

दुसरं काम सिमकार्डांचं. गटातल्या ज्या बायांच्या खात्याला नवऱ्याचा, दिराचा किंवा मुलाचा नंबर जोडलाय त्यांचा स्वतःचा नंबर जोडायचा. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण बँकेत जावं लागतं, अर्ज द्यावा लागतो, आणि घरातून परवानगी लागते, आणि ती शेवटची गोष्टच सगळ्यांत अवघड. दोन-तीन घरांत मी स्वतः जाऊन बोलले आहे. एका घरात सासूबाईच सुनेच्या बाजूनं उभ्या राहिल्या, दुसऱ्या घरात अजून बोलणं चालू आहे.

मग गराचं. तीन दिवसांच्या फळाला वर्षभराचं करायची एकच वाट आहे, गर काढून उणे 18 ते 20 अंशांत गोठवून ठेवणं. गर उघडा राहिला की तांबूस पडतो आणि उकळला की कडवट होतो, म्हणून काढल्याबरोबर पिशवीत भरून गोठवावा लागतो. लहान, डागी, फुटलेल्या फळाला पैसे मिळण्याचा तोच मार्ग, आणि गेल्या वर्षीसारखा पाऊस पुन्हा झाला तर तोच आधार. अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांना 35 टक्के अनुदान आहे, कमाल 10 लाखांपर्यंत. प्रकल्प अहवाल तयार करायला घेतलाय. गर काढायला बसणाऱ्या बाया त्याच असतील ज्यांना इथं काम मिळालं तर दिवाळीनंतर गाडीत बसायची गरज कमी होईल. किती जणींची होईल हे आज सांगता येणार नाही. एका जोडीची जरी झाली तरी तिची लेकरं त्या वर्षी एकाच शाळेत बसतील, आणि मला त्यासाठी हे सगळं करायचं आहे.

रेल्वेचाही विषय निघाला. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर गाडी सुरू झाली. कित्येक पिढ्यांनी वाट पाहिलेली ती गाडी. आमच्या मालाला तिचा उपयोग करून घेणं अजून बाकी आहे. धारूरहून बीडला बॉक्स नेणं, तिथून पुढं, हे गणित ट्रॅव्हल्सच्या डिकीपुढं आज तरी बसत नाही. पुढं बसेल. दोघा पोरांनी त्याची माहिती काढायचं काम अंगावर घेतलं आहे.

संध्याकाळी लोक पांगले तेव्हा फडावरच्या मैत्रिणीचा मेसेज आला, "काय ठरलं?" मी आवाजात सगळं सांगून पाठवलं, कारण ती वाचण्यापेक्षा ऐकणं पसंत करते. तिचं उत्तर आलं की पुढचा मेळावा आम्ही आल्यावर घ्या, पाडव्याच्या आधी नको.

तसंच ठरलंय. तारीख अजून काढलेली नाही, कारण प्रत्येक कारखान्याचा पट्टा वेगवेगळ्या दिवशी पडतो, म्हणजे गाळप संपतं, आणि कुणी मार्चमध्ये येतं, कुणी एप्रिलमध्ये. फडावरच्या बायांचा एक वेगळा ग्रुप केलाय. पट्टा पडला की त्या तिथं कळवतील आणि शेवटची गाडी गावात आल्यानंतरचा रविवार धरू. त्या दिवशी पहिला विषय वाट्याचा, दुसरा सिमकार्डांचा. रीलचं राहिलेलं सत्र वेळ उरला तर. लगीनसराईत मंगल कार्यालय मिळणार नाही, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान मागितलं आहे, आणि मांडवाचं सामान द्यायला पाटोद्याचा गट तयार आहे.